कॅम्पर व्हॅनची बॅटरी: लिथियम घ्यावी की लेड-ॲसिड?

दोन बॅटऱ्या शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. दोन्ही १२ व्होल्टच्या आणि दोन्हींवर १०० एएच छापलेलं, म्हणजे १०० ॲम्पिअर-अवर. एक लेड-ॲसिड, म्हणजे शिशाच्या प्लेट्स आणि सल्फ्युरिक ॲसिडवाली, आपल्या ओळखीची. दुसरी लिथियमची, वजनाला निम्म्याहून कमी आणि किमतीला दुप्पट-तिप्पट. इथंच बरेच जण निर्णय करून मोकळे होतात. १०० एएच दोन्हीकडे मिळत असतील तर तेवढ्यासाठी तिप्पट पैसे का मोजायचे?

शंका रास्त आहे. पण या दोन ‘१००’ आकड्यांचा अर्थ एकच नाही. व्हॅनमध्ये राहताना बॅटरीकडून काय हवं असतं? रात्रभर फ्रिज चालावा, दिवे-पंखा चालावा, सकाळी पाण्याचा पंप सुरू व्हावा आणि दुसऱ्या दिवशी जे खर्च झालं ते पुन्हा भरून यावं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि खरेदी करताना नेमकं तेच कुणी विचारत नाही. बॅटरीत किती मावतं हे सगळे विचारतात. ती किती वेळात आणि कशाने भरणार हेही विचारायला हवं.

छापलेले १०० आणि हाती येणारे १००

लेड-ॲसिड बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्समधल्या गास्ताँ प्लांते यांनी बनवली. तिचं मूळ रसायन आजही तेच आहे. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेट्सवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज करताना हीच क्रिया उलटी होते, सल्फेट विरघळतं आणि ॲसिड पुन्हा दाट होतं. मात्र सल्फेट ताजं, मऊ असेपर्यंतच ते सहज विरघळतं. बॅटरी फार खोलवर उतरवली किंवा अर्धवट अवस्थेत दिवसेंदिवस तशीच ठेवली, तर त्याचे कडक खडे बनतात. ते पुन्हा विरघळत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात. व्हॅनमधल्या बहुतेक लेड-ॲसिड बॅटऱ्या यानंच मरतात.

म्हणून डीप सायकल प्रकारची, म्हणजे खोलवर उतरवून वापरण्यासाठीच बनवलेली, चांगली बॅटरी असली तरी ती रोज निम्म्याखाली उतरवू नये, असा संकेत आहे. तळापासून निम्म्या उंचीवर नळ बसवलेल्या टाकीसारखं हे आहे. टाकी १०० लिटरची, पण रोजच्या वापराला ५० लिटरच. अडीनडीला खालचंही काढता येतं, पण तसं केलं की दरवेळी आयुष्य थोडं झिजतं.

यात आणखी एक मेख आहे. बॅटरीवरचे १०० एएच साधारणपणे २० तासांच्या हिशेबाने मोजलेले असतात, म्हणजे ५ ॲम्पिअरने २० तास. तीच बॅटरी भराभर उपसली तर एकूण निघणारी वीजच कमी होते. जर्मन शास्त्रज्ञ प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये याचं गणित मांडलं. प्यूकर्टचा घातांक १.२ धरला, तर ५० ॲम्पिअरचा भार टाकल्यावर १०० एएचची बॅटरी दोन तास नाही, सव्वा तासच चालते. हाती येतात जेमतेम ६३ ॲम्पिअर-अवर, आणि तेही पूर्ण रिकामी केली तर.

लिथियमला हा नियम जवळजवळ लागू नाही. हळू काढा किंवा भराभर काढा, १०० मधले ८०-९० रोज बिनधास्त वापरता येतात. व्हॅनमध्ये इंडक्शन शेगडी किंवा केटल चालवायची असेल तर हा फरक रोज जाणवतो. १५०० वॉटची शेगडी इन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण १४० ॲम्पिअर ओढते. एवढा भार पडला की १०० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज पटकन खाली येतं आणि आत वीज शिल्लक असूनही इन्व्हर्टर बंद पडतो. लिथियमचं व्होल्टेज तग धरतं. मात्र तिच्या आतल्या सर्किटला तेवढा प्रवाह झेपतो का, हे आधी पाहावं लागतं. १०० एएचच्या अनेक लिथियम बॅटऱ्यांची सलग प्रवाहाची मर्यादा १०० ॲम्पिअर असते. शेगडी चालवायची तर अशा दोन लागतील.

भरायला किती वेळ?

माझ्या मते खरी निवड इथं ठरते, म्हणून जरा थांबून हिशेब करू.

व्हॅनमध्ये एका दिवसात किती वीज लागते? कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला ३५-४० ॲम्पिअर-अवर घेतो, ऊन जास्त असेल तर आणखी. पंखा आठ तास चालला तर १६. दिवे सात-आठ, पंप एक-दोन, लॅपटॉप आणि फोन मिळून १५-२०. बेरीज ८०-८५ च्या आसपास जाते. लेड-ॲसिड घ्यायची तर निम्म्याचा नियम पाळण्यासाठी २०० एएच हवेत, म्हणजे १०० च्या दोन बॅटऱ्या. लिथियमची १०० एएचची एक पुरते.

आता सकाळी हे ८५ परत भरायचे. लेड-ॲसिड पहिल्या टप्प्यात, म्हणजे साधारण ८० टक्क्यांपर्यंत, बऱ्यापैकी वेगाने चार्ज होते. त्यानंतर तिचा अंतर्गत विरोध वाढतो, ती कमी कमी प्रवाह घेऊ लागते, आणि शेवटच्या २० टक्क्यांना चार-सहा तास सहज लागतात. चार्जर कितीही मोठा आणला तरी हा वेळ कमी होत नाही. अडचण चार्जरची नसून रसायनाची आहे.

रात्रभर प्लग मिळत असेल तर याची काहीच चिंता नाही. पण सोलरवर अवलंबून असाल तर बघा काय होतं. २०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ५५-६० ॲम्पिअर-अवर देतं. सकाळभर बॅटरी हपापल्यासारखी घेत असते, पण तेव्हा ऊन कोवळं. दुपारी ऊन कडक होतं आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर ती हात आखडते. पॅनेल द्यायला तयार, बॅटरी घ्यायला नाही. संध्याकाळ होते, बॅटरी पूर्ण भरलेली नसतेच, रात्री पुन्हा उतरते. असं आठवडाभर चाललं की ती ५० ते ८० टक्क्यांच्या मध्येच झुलत राहते आणि सल्फेटचे खडे बनायला हवं तसं वातावरण तयार होतं. माझी पहिली जोडी अशीच गेली. मी ती एकदाही निम्म्याखाली उतरवली नव्हती, या एका गोष्टीवर निर्धास्त होतो. ती एकदाही पूर्ण भरली नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या मोसमात तिनं चार्ज धरणं सोडलं.

लिथियमचं याच्या अगदी उलट आहे. १०० एएचची बॅटरी ५० ॲम्पिअरने जवळजवळ शेवटपर्यंत त्याच वेगाने भरते, दोन तासांत काम संपतं. अर्धवट राहिली तरी बिघडत नाही. तिला रोज शंभर टक्के भरण्याची गरजच नाही, अधूनमधून सेल समतोल करण्यासाठी एकदा पूर्ण भरली की झालं. शिवाय घातलेल्या विजेपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत मिळते. लेड-ॲसिडमध्ये ८०-८५ टक्केच, बाकीची उष्णतेत आणि वायू बनण्यात जाते. छतावर जागा कमी असते, तिथे हे १०-१५ टक्के म्हणजे एक छोटं पॅनेल फुकट मिळाल्यासारखं आहे.

लिथियम म्हणजे नेमकी कोणती?

लिथियम म्हटलं की पेटलेले फोन आणि गाड्या डोळ्यांसमोर येतात. व्हॅनमधल्या घरगुती वापरासाठी ज्या बॅटऱ्या मिळतात त्या बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या असतात, बोलताना सगळे एलएफपी म्हणतात. हे रसायन १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. यात कोबाल्ट आणि निकेल नाही. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सेल तापला तरी आग भडकण्याचा धोका कोबाल्ट-निकेलवाल्या सेलच्या मानाने बराच कमी. शून्य नाही, पण झोपायच्या पलंगाखाली ठेवायला मला हाच प्रकार पटतो. खरेदी करताना नाव नीट वाचा, नुसतं ‘लिथियम’ लिहिलेलं पुरेसं नाही.

एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, असे चार ओळीने जोडले की १२.८. आत एक इलेक्ट्रॉनिक रखवालदार बसवलेला असतो, बीएमएस. एखादा सेल जास्त भरला, फार उतरला, गरम झाला किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो बॅटरीचा संबंधच तोडतो. इथं सवय बदलावी लागते. लेड-ॲसिड उतरताना दिवे मंद होतात, पंखा संथ होतो, ती आधी सांगते. लिथियम शेवटपर्यंत तेजीत चालते आणि मग एका क्षणात सगळं काळोखात. भिंतीवरचा व्होल्टमीटरही कामाचा राहत नाही. लेड-ॲसिडला तासन्‌तास विश्रांती दिल्यावर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, असा अंदाज बांधता येतो. एलएफपी ९० टक्क्यांवर १३.३ च्या आसपास असते आणि ४० टक्क्यांवर १३.१. एवढ्याशा फरकावरून काय ओळखणार? म्हणून शंटवाला बॅटरी मॉनिटर लावायचा. तो आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक ॲम्पिअर मोजतो, घरच्या जमाखर्चाच्या वहीसारखा. खरं तर तो लेड-ॲसिडलाही लावावा. माझ्या पहिल्या जोडीला तो असता तर ती भरत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

जुनी काढली, नवी ठेवली, एवढ्यानं भागत नाही

जाहिराती सांगतात, जुनी बॅटरी उचला, त्याच जागी लिथियम ठेवा. आकारानं ती बसते, जोडणीला मात्र तपासण्यासारखं बरंच असतं.

पहिला मुद्दा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राचा. इंजिन चालू असताना तो व्हॅनमधल्या घरगुती वापराची बॅटरीही चार्ज करतो. लेड-ॲसिड काही वेळाने आपणहून कमी प्रवाह घेते, त्यामुळे अल्टरनेटरला उसंत मिळते. लिथियमचा अंतर्गत विरोध फारच कमी, ती मिळेल तेवढं घेत राहते. अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने तासन्‌तास चालण्यासाठी बनवलेला नसतो. त्यात इंजिन जागेवर चालू ठेवलं तर त्याचा पंखा हळू फिरतो, थंडावा मिळत नाही आणि तो तापून जळू शकतो. दुसरी भीती अशी की चार्जिंग जोरात चालू असताना बीएमएसने अचानक संबंध तोडला, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. यावर उपाय म्हणजे मधे डीसी-टू-डीसी चार्जर बसवणं. तो ठरलेल्या ३० किंवा ४० ॲम्पिअरपेक्षा जास्त ओढू देत नाही. ३० ॲम्पिअरने तीन तास गाडी चालली की ९० ॲम्पिअर-अवर भरले, म्हणजे आपला वरचा दिवस वसूल. नव्या गाड्यांमध्ये इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचं व्होल्टेज कमीजास्त होत राहतं. तिथे लेड-ॲसिड ठेवली तरी हा चार्जर लागतोच.

दुसरा मुद्दा प्लगवर चालणाऱ्या चार्जरचा. जुन्या मोटरहोममधला चार्जर १३.६ व्होल्टवर अडकणारा असेल तर लिथियम चार्ज होईल, पण फार सावकाश. तिला १४.२ ते १४.६ लागतात, नेमका आकडा बनवणाऱ्याच्या कागदावर असतो. चार्जरमध्ये ‘इक्वलायझेशन’ किंवा ‘डिसल्फेशन’ची सोय आपोआप सुरू होत असेल तर ती बंद करा. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातं. लेड-ॲसिडचे खडे फोडायला ते ठीक, लिथियमला घातक. सोलर कंट्रोलरलाही हेच लागू आहे.

तिसरा मुद्दा फ्यूजचा. यात काटकसर नको. शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी क्षणभरात हजारो ॲम्पिअर ओतू शकते. साध्या फ्यूजची तार वितळली तरी मधल्या फटीतून ठिणगीचा झोत चालूच राहू शकतो. यासाठी क्लास टी नावाचे फ्यूज येतात, एवढा प्रवाह ठामपणे तोडणारे. तो पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शक्य तितका जवळ बसवावा.

हे सगळं घ्यायचं म्हणजे कधीकधी नाकापेक्षा मोती जड अशी गत होते. म्हणूनच बॅटरीच्या किमतीवर नाही, पूर्ण जोडणीच्या किमतीवर तुलना करा. आणि लेड-ॲसिड व लिथियम कधीही समांतर जोडून ठेवू नका. दोघींची व्होल्टेज वेगळी, चार्ज होण्याची रीत वेगळी, एक दुसरीला सतत ओढत राहते.

इंजिन सुरू करणारी बॅटरी मात्र लेड-ॲसिडच राहू द्या. दोन-चार सेकंद जबर प्रवाह देणं हे तिचं काम, आणि ते ती कडक थंडीतही स्वस्तात करते.

थंडी आणि ऊन

शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी वापरता येते, चार्ज करता येत नाही. गारठ्यात लिथियमचे आयन सेलमधल्या ग्रॅफाइटच्या थरात शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू बनून बसतात. हे नुकसान कायमचं असतं, आणि पुढे आतल्या आत शॉर्टही होऊ शकतो. चांगल्या बॅटरीचा बीएमएस अशा वेळी चार्जिंग थांबवतो, काहींमध्ये आत हीटर असतो. बर्फाच्या प्रदेशात फिरणार असाल तर या दोन्हींपैकी काय आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बॅटरी व्हॅनच्या आत, राहत्या उबेत ठेवली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. एलएफपी चार्ज होताना वायू सोडत नाही, त्यामुळे ती आत ठेवता येते. पाणी भरायची लेड-ॲसिड हायड्रोजन सोडते आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. तिची पेटी बाहेर हवा जाणारीच हवी.

लेड-ॲसिडला थंडीचा त्रास नाही असं नाही. भरलेली असेल तर तिचं ॲसिड उणे ५० अंशांतही गोठत नाही. पूर्ण उतरलेलीत मात्र जवळजवळ पाणीच उरलेलं असतं, आणि ती उणे दहाच्या आतच गोठून फुटू शकते. उन्हाचा मार तिला जास्त. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. लिथियमही उष्णतेत लवकर म्हातारी होते, म्हणून दोघींपैकी कुणालाही इंजिनाच्या खोलीत जागा देऊ नका.

मग पैसे वसूल होतात का?

लेड-ॲसिडच्या एजीएम, म्हणजे पाणी भरावं न लागणाऱ्या सीलबंद प्रकाराला निम्म्यापर्यंत उतरवण्याचे साधारण ५०० फेरे धरू. दर फेऱ्याला ०.६ युनिट, म्हणजे आयुष्यभरात ३०० युनिट. एलएफपीचे ८० टक्क्यांपर्यंतचे ३००० फेरे धरले तर दर फेऱ्याला एक युनिट, म्हणजे ३००० युनिट. दहापट वीज, तिप्पट किमतीत. रोज व्हॅनमध्ये राहणाऱ्याने यापुढे विचार करायची गरज नाही.

पण वर्षाला २० रात्री बाहेर काढणाऱ्याचं काय? त्याचे पाच वर्षांत १०० फेरे होतात. एजीएमचे ५०० पुरे व्हायला २५ वर्षं लागतील, आणि त्याच्या कितीतरी आधी ती वयानेच जाईल. लिथियमचे ३००० तर तो कधीच संपवणार नाही. ज्या फेऱ्यांचे पैसे भरले ते वापरायचेच नसतील तर ‘शेवटी स्वस्त पडते’ हा युक्तिवाद टिकत नाही. अशा माणसाला, विशेषतः रोज संध्याकाळी प्लगच्या जागी मुक्काम करत असेल तर, मी एजीएमच सुचवतो आणि उरलेल्या पैशांत चांगला चार्जर घ्यायला सांगतो. अपवाद एकच, गाडी वजनाच्या मर्यादेला टेकली असेल तर. १०० एएचची एजीएम २८-३० किलोची, एलएफपी ११-१३ किलोची. वर सांगितलेल्या गरजेसाठी दोन एजीएम लागतात, म्हणजे ४५ किलोंचा फरक. तेवढ्यात पाण्याचे दोन कॅन बसतात.

दोन-तीन दिवस प्लगपासून लांब राहायचं असेल, सोलर हाच मुख्य आधार असेल, किंवा इन्व्हर्टरवर मोठी उपकरणं चालवायची असतील, तर लिथियमच. तिथे लेड-ॲसिडने भागवायचं म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी तोच खर्च पुन्हा करायचा.

लिथियम घेतलीच तर पहिल्या आठवड्यात तिची परीक्षा घ्या. लेबलवर १०० छापून आत कमी क्षमतेचे सेल भरलेल्या बॅटऱ्या बाजारात आहेत. पूर्ण भरा, मॉनिटर शून्यावर लावा, १० ॲम्पिअरच्या आसपासचा भार लावून बीएमएस बंद होईपर्यंत चालवा. ९५ च्या वर आकडा आला तर ठीक. ८० आला तर परत करायची मुदत संपण्याआधी परत करा.

आणि मोसम संपून व्हॅन महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तेव्हा दोघींची तऱ्हा पुन्हा उलटी. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवायची आणि दर महिन्याला पुन्हा चार्ज करायची किंवा फ्लोटवर, म्हणजे चार्जरच्या सतत हलक्या चार्जवर, ठेवायची, कारण ती आपणहून उतरत राहते आणि उतरली की खडे बनतात. लिथियम निम्म्या चार्जवर ठेवून मुख्य स्विच बंद करायचा. गॅस-गळतीचा अलार्म, रेडिओची मेमरी अशी उपकरणं थेंबथेंब वीज पीत असतात, स्विच चालू राहिला तर दोन-तीन महिन्यांत तीही तळाला जाते. पुन्हा निघायच्या आदल्या दिवशी ती पूर्ण भरली की निघायला हरकत नाही.